दोन साइझ मागवणाऱ्या बाईचं काय करायचं?

पत्राचा सारांश: नेदरलँड्सच्या दक्षिण भागात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. गुळेदगुड्डचा खण घेऊन पुण्यातल्या शिंप्यांकडून त्या जॅकेटं, कुर्ते आणि पिशव्या शिवून घेतात. सुरुवात गणेशोत्सवातल्या स्टॉलपासून झाली, मग वेबसाइट आली. डच ग्राहकांचा फारसा त्रास नाही. पण आता जर्मनीहून ऑर्डरी वाढल्यात आणि मालही तिथूनच परत येतोय. गेल्या महिन्यात जर्मनीला दहा जॅकेटं गेली, चार परत आली. त्याआधी आलेलं एक तर वापरलेलं होतं, त्याला अत्तराचा वास होता. ‘हे लोक मला फुकटची ट्रायल रूम समजतात,’ असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, जर्मनी बंद करून टाक. सोलापुरात आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलेले सासरे म्हणतात, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वेबसाइटवर लाव. जाऊबाईंचा सल्ला असा, की प्रत्येक कपडा ‘ऑर्डरप्रमाणे शिवलेला’ आहे असं लिहून टाक, म्हणजे कायदा लागूच होणार नाही. प्रश्न तीन आहेत: रिटर्न बंद करू का, जर्मनी बंद करू का, की पोलंड, फ्रान्स, इटलीकडे वळू? सोबत महिन्याभराच्या ऑर्डरींची यादी जोडली आहे.

प्रिय मैत्रिणी,

यादी जोडलीत हे फार बरं केलंत, कारण पत्र एक सांगतं आणि यादी दुसरंच. पत्रात दहापैकी चार परत, म्हणजे चाळीस टक्के, हा आकडा आहे आणि त्याने तुमची झोप उडाली आहे. यादीत मात्र जर्मनीतली सहा माणसं दिसतात. दोघींनी एकेक जॅकेट मागवलं आणि ठेवलं. चौघींनी एकाच रंगाची दोन-दोन मागवली, एक मीडियम आणि एक लार्ज, आणि त्यातलं एक ठेवून दुसरं परत केलं. म्हणजे सहा ग्राहक आले आणि सहाही जणींनी खरेदी केली. रिकाम्या हाताने कुणीच गेलं नाही. जॅकेटं मोजली की नुकसान दिसतं, गिऱ्हाइकं मोजली की चांगला महिना दिसतो. तुम्ही जॅकेटं मोजत होतात.

‘फुकटची ट्रायल रूम’ या शब्दांत राग आहे, आणि तो मला समजतो. आलेलं पार्सल उघडायचं, कपडा तपासायचा, इस्त्री करायची, पुन्हा घडी घालायची, हे सगळं तुम्ही रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर करता. पण लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात काय चालतं ते आठवा. गादीवर वीस-पंचवीस साड्या उलगडल्या जातात, पोऱ्या वरच्या फळीवरून आणखी गठ्ठे काढतो, मधे चहा येतो, आणि शेवटी बाई एक साडी घेऊन उठतात. त्या बाईंना कुणी लबाड म्हणत नाही. उरलेल्या साड्यांच्या घड्या घालणं हा दुकानाचा रोजचा खर्च असतो आणि तो साडीच्या किमतीत आधीच धरलेला असतो. तुमच्या मामंजींनी ती पाटी नक्की लावली असेल, पण त्या पाटीखाली बसून त्यांनी आयुष्यभर घड्याच घातल्या असतील. तुमच्या दुकानाला गादी नाही. गिऱ्हाईक घरी आरशासमोर उभं राहून दोन कपडे घालून बघतं आणि घड्या पोस्टाने तुमच्याकडे येतात.

आता जर्मनीच का, डच का नाहीत? यात स्वभावाचा भाग थोडा आणि इतिहासाचा जास्त आहे. इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून जर्मन घरांत जाडजूड कॅटलॉग येत असत. क्वेले ही कंपनी १९२७ मध्ये फ्युर्थला सुरू झाली, ओटो कंपनीचा पहिला कॅटलॉग १९५० मध्ये हॅम्बुर्गहून निघाला. कॅटलॉग बघून माल मागवायचा, घरी घालून बघायचा, जो ठेवला त्याचं बिल मागाहून भरायचं, ही रीत तिथल्या आज्यांच्या पिढीपासूनची. पुढे कायद्यानेही तिला खतपाणी घातलं. जून २०१४ पर्यंत जर्मनीत चाळीस युरोंहून महाग वस्तू ग्राहकाने मुदतीत परत केली, तर परतीचं टपाल साधारणपणे दुकानदाराच्याच माथी होतं. नंतर कायदा बदलला, सवय राहिली. २००८ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या झालांडो या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाने तर ‘आवडलं तर आनंदाने ओरडा, नाही तर परत पाठवा’ अशा अर्थाची जाहिरात करून अख्खी पिढी घडवली. त्या कंपनीकडून जाणाऱ्या मालापैकी साधारण निम्मा परत येतो आणि ती ते उघडपणे सांगते. त्यामुळे म्युनिकच्या बाईने मीडियम आणि लार्ज दोन्ही मागवलं, तेव्हा ती तुम्हाला फसवत नव्हती. आजवर जशी खरेदी करत आली तशीच तिने केली.

त्यात पैसे देण्याच्या पद्धतीचाही हात आहे. तुमच्या डच ग्राहकाने आयडील, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे देण्याची डच सोय, दाबलं की पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात. दोन जॅकेटांचे पैसे अडकवायचे तर माणूस जरा विचार करतो. जर्मन ग्राहकाला माल आधी आणि बिल नंतर हवं असतं, किंवा पेपाल. बिलावर घेतलं की दोन मागवा नाही तर चार, खिशातून अजून काहीच गेलेलं नसतं. तुम्ही लिहिलंय की नंतर पैसे देण्याची सोय सुरू केल्यावर जर्मन ऑर्डरी वाढल्या. रिटर्नही त्याच दारातून आत आले, हे मात्र तुम्ही जोडून पाहिलेलं नाही. ती सोय काढली तर दोन्ही कमी होतील. काढावी असं मला वाटत नाही, पण किंमत ठरवताना ती सोय देणाऱ्या कंपनीचं कमिशन आणि परतीचा माल हे दोन्ही एकाच वहीत मांडा.

जरा हिशेब करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा कर, कापड, शिलाई, जाण्याचं टपाल सगळं वजा जाऊन एका जॅकेटमागे २५ युरो उरतात, आणि परत आलेल्या एका जॅकेटची सगळी मिळून झळ १० युरो. सहा विकली, १५० आले. चार परत आली, ४० गेले. उरले ११०. आता समजा तुम्ही नियम कडक केले आणि दोन साइझ मागवणाऱ्या चौघींपैकी दोघी फिरकल्याच नाहीत. राहिल्या चार, त्यांचे १००. त्यातही एखादीने अंदाजाने एकच साइझ मागवली आणि ती चुकली, तर ते जॅकेट परत येणारच, आणि या वेळी हाती काहीच न उरता. झळ १० ऐवजी २० असेल तर गणित उलटतं: १५० मधून ८० गेले, उरले ७०. म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘एक परतीचं पार्सल मला नेमकं कितीला पडतं’ हा आहे. इस्त्रीचा वेळही त्यात धरा, घरची बाई करते म्हणून तो फुकट नसतो.

मामंजींची पाटी मात्र लावता येणार नाही. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू हाती पडल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कळवल्यावर माल परत पाठवायला आणखी चौदा दिवस मिळतात. हा हक्क तुम्ही ग्राहकाला नीट सांगितलाच नाहीत, तर चौदा दिवसांची मुदत बारा महिन्यांनी वाढते. म्हणजे पाटी लावून तुम्ही स्वतःलाच खड्ड्यात घालाल. १९ जून २०२६ पासून तर खरेदी रद्द करण्याचं ठळक बटणच वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे. वेबसाइट करून देणाऱ्याशी ते बोलून घ्या.

जाऊबाईंची युक्ती हुशारीची आहे, पण चालणार नाही. मापाने शिवलेल्या कपड्याला खरेदी रद्द करण्याचा हा हक्क लागू नाही हे खरं. गिऱ्हाइकाने छाती, कंबर, बाहीची मापं पाठवली आणि तुम्ही पुण्याला ती कळवून ब्लाउज शिवून आणलंत, तर ते परत घेण्याचं बंधन नाही. तयार यादीतून मीडियम आणि राणी रंग निवडला म्हणून काही कपडा ‘ऑर्डरप्रमाणे शिवलेला’ होत नाही, मग तो ऑर्डर आल्यावर शिवलेला का असेना. नुसत्या पळवाटेसाठी हे शब्द लिहू नका. खरोखर मापाचं शिवून देणारा एखादा वेगळा विभाग मात्र जरूर करा. चार पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक तिथे येईल आणि परतीचा प्रश्न तिथे जवळजवळ नसेल.

बंदी घालता येत नाही म्हणजे सगळंच सोसायचं असंही नाही. कायद्याने दिलेल्या काही गोष्टी तुम्ही वापरतच नाही आहात. परतीचं टपाल ग्राहकाने भरायचं, असं तुम्ही खरेदीआधी स्पष्ट लिहिलंत तर ते ग्राहकाच्या अंगावर राहतं. तुम्ही मोठ्यांचं बघून ‘फ्री रिटर्न’ लिहिलंत. मोठ्यांपैकीही काहींनी आता परतीला पैसे लावायला सुरुवात केली आहे. माझं मत विचाराल तर मधला रस्ता घ्या: साइझ बदलून हवी असेल तर टपाल तुमचं, पैसे परत हवे असतील तर टपाल त्यांचं. जर्मन ग्राहक या नियमाने नाराज होईल, पण फार नाही. नियम आधी सांगितलेला असला की तो पाळणारं ते गिऱ्हाईक आहे. पूर्ण ऑर्डर परत आली तर माल पाठवतानाचं साधं टपालही तुम्हाला परत करावं लागतं, हे मात्र विसरू नका. आणि पार्सल हातात येईपर्यंत, किंवा पाठवल्याची पावती मिळेपर्यंत, पैसे रोखून धरायला तुम्हाला मुभा आहे. तुम्ही ईमेल आल्याबरोबर पैसे परत करता असं लिहिलंय. एवढी घाई कशाला?

अत्तराच्या वासाचं जॅकेट ही वेगळी गोष्ट, आणि तिथे तुमचा राग रास्त आहे. दुकानात घालून बघतात तेवढं घालून बघणं ग्राहकाच्या हक्कात बसतं. पार्टीला घालून जाणं बसत नाही. तसं झालं तर कपड्याची जी किंमत घटली, ती परताव्यातून कापता येते. अट एकच, खरेदी रद्द करण्याचा हक्क तुम्ही आधी नीट सांगितलेला हवा. त्यासाठी फोटो काढून ठेवा, शांत शब्दांत लिहा, रक्कम वाजवी कापा. घालून फिरता येणार नाही अशा जागी, गळ्याजवळ बाहेरून, ठळक टॅग लावा. हा साधा उपाय बराच उपयोगी पडतो. पण एका अत्तरवालीवरून बाकीच्या सहा जणींची परीक्षा करू नका.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. चौघींनी दोन साइझ का मागवल्या? तुमची वेबसाइट उघडून बघितली तर उत्तर समोरच आहे. तिथे नुसतं एम, एल, एक्सएल लिहिलंय. पुण्याच्या शिंप्याचं एल म्हणजे किती, हे ड्रेस्डेनच्या बाईला कसं कळावं? युरोपातही एक माप नाही. जर्मनीची ३६ साधारण फ्रान्सची ३८ आणि इटलीची ४२ होते. त्यात खण ताणला जात नाही. पाश्चात्त्य कपड्यांत थोडं लवचीक कापड असतं, घट्ट झालं तरी निभावतं. खांद्यात अडकलेलं खणाचं जॅकेट निभावत नाही. तेव्हा कपडा टेबलावर सपाट ठेवून छाती, खांदा, बाही, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि प्रत्येक वस्तूखाली लिहा. शेजारी जर्मन, फ्रेंच, डच साइझ लिहा. फोटोतल्या मुलीची उंची आणि तिने घातलेली साइझ लिहा. ‘खणाचं कापड ताणत नाही, दोन मापांच्या मधे असाल तर मोठं घ्या’ हे एक वाक्य जर्मनमध्ये, नीट कुणाकडून तपासून घेतलेलं, टाका. दोन रंगांचे उभे-आडवे धागे असलेल्या खणाचा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. तुमचे सगळे फोटो पिवळ्या दिव्याखालचे दिसतात. खिडकीपाशी दिवसा काढलेला एक फोटो आणि कापड हलताना दिसेल असा दहा सेकंदांचा व्हिडिओ असला, की ‘रंग वेगळा निघाला’ ही तक्रार उरणार नाही.

आणि कुणी दोन साइझ कार्टमध्ये टाकल्या तर तिथेच एक छोटा निरोप दाखवा: ‘कोणती साइझ बसेल याची शंका आहे? मापं कळवा, आम्ही सांगतो.’ मोठ्या कंपन्या हे काम यंत्राकडून करून घेतात. तुमच्याकडे ऑर्डरी इतक्या नाहीत की स्वतः उत्तर देता येणार नाही, आणि तुम्ही दिलेलं उत्तर जास्त नेमकं असेल. परत पाठवताना कारण विचारा, पण सक्ती करू नका, कारण देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. बहुतेक जण सांगतात. काही महिने ती कारणं लिहून ठेवली की कुठला शिंपी खांदे आखूड शिवतो हेसुद्धा कळेल.

जर्मनी बंद करावी का? करू शकता. कुठे माल पोचवायचा हे दुकानदार ठरवू शकतो. पण जर्मनीतून कुणी तुमची वेबसाइट उघडून डच पत्त्यावर माल मागवला, तर तिला केवळ जर्मन म्हणून नकार देता येत नाही, असा २०१८ पासून नियम आहे. आणि सीमा तुमच्यापासून किती लांब आहे? रविवारी जर्मनीत दुकानं बंद, म्हणून सीमेजवळच्या व्हेन्लो आणि रूरमोंड या डच गावांच्या बाजारात जर्मन गाड्यांची रांग लागते. त्या भागातल्या एखाद्या शनिवार-रविवारच्या बाजारात महिन्यातून एकदा स्टॉल लावून बघा. एकदा घालून पाहिलेली बाई दुसऱ्या वेळी घरबसल्या एकच साइझ मागवते.

पोलंड, फ्रान्स, इटलीचं म्हणाल, तर ‘युरोपियन ग्राहक’ नावाचा एकच माणूस समोर धरून तिकडे जाऊ नका. पोलंडमध्ये लोक मोबाइलवरच्या ब्लिकने पैसे देतात आणि पार्सल घरी न मागवता कोपऱ्यावरच्या इनपोस्टच्या लॉकरमधून उचलतात. हे दोन्ही नसेल तर तिथलं गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानापर्यंत येऊन परत जाईल. फ्रान्समध्ये बँकेचं कार्ड चालतं आणि किराणा किंवा फुलांच्या दुकानातून पार्सल घ्यायची चांगली सवय आहे. बेल्जियम तुमच्या शेजारी आहे, पण तिथे आयडील नाही, बॅनकॉन्टॅक्ट ही तिथली पैसे देण्याची सोय लागते, आणि तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना तुमची डच वेबसाइट वाचता येत नाही. इटलीत पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याची सवय अजून बरीच आहे आणि ती तुम्हाला झेपणार नाही, कारण दार उघडलंच नाही तर दोन्ही बाजूंचं टपाल तुमचं. मला विचाराल तर पुढचं पाऊल बेल्जियमचं, तेही डच बोलणाऱ्या फ्लँडर्सपुरतं. बाकीचे देश राहू देत.

दोन कामं मात्र जर्मनी चालू ठेवण्याआधीच उरकून घ्या, पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून विचारते. जर्मन ग्राहकाला पाकिटात माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला, बाहेरच्या देशातला असला तरी, लुसिड नावाच्या पॅकेजिंगच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं आणि त्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी पैसे भरावे लागतात. छोट्या दुकानालाही यातून सूट नाही. दुसरं, इतर युरोपीय देशांतल्या ग्राहकांना केलेली तुमची विक्री मिळून वर्षाला १०,००० युरोंच्या वर गेली, की त्या-त्या देशाचा व्हॅट लागतो: जर्मनीला १९ टक्के, तुमच्या इथल्या २१ ऐवजी. त्यासाठी प्रत्येक देशात नोंदणी नको, डच करखात्याकडेच एक खिडकी आहे. हिशेबनिसाला या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात विचारा.

राहिला दिवाळीचा सेल. ‘होती ९०, आता ५९’ असं लिहायचं ठरवलंय तुम्ही. खोडलेली जुनी किंमत ही आधीच्या तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमत असावी लागते. गणेशोत्सवात ६९ ला विकलं असेल आणि त्याला तीस दिवस झाले नसतील, तर ९० लिहिता येणार नाही. आणि सेलमध्ये आलेले पैसे लगेच पुढच्या कापडासाठी पुण्याला पाठवू नका. चौदा दिवस ठरवायला, चौदा दिवस परत पाठवायला. दिवाळीच्या ऑर्डरींचा हिशेब डिसेंबर उजाडल्याशिवाय पुरा होत नाही. तोवर जर्मनीकडून आलेल्या रकमेतला निदान तिसरा हिस्सा खात्यात तसाच पडू दे.